विपुलची साक्ष

आईने कोपराने ढोसलं, तसा विपुल उठला. कापड कारखान्याच्या माळ्यावरची ती प्रार्थनेची खोली गच्च भरली होती. दारापर्यंत जायचं तर माणसांच्या तीन रांगा ओलांडाव्या लागल्या असत्या. खाली चालू असलेल्या लूमचा थरथराट तळपायांतून वर चढत होता.

"प्रभूने आपल्या विपुलला कशातून बाहेर काढलं, ते त्याच्याच तोंडून ऐकू या," ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणाले.

दापोड्याच्या गोदामात रॅक कोसळून तीन आठवडे झाले होते. खोक्यांच्या ढिगाखाली विपुल सात तास अडकून होता. हाताच्या अंतरावर त्याच्याबरोबर काम करणारा महादू होता. विपुलला जिवंत काढलं. महादूला काढलं तेव्हा तो गेलेला होता.

साक्षीची वाक्यं आईने पाठ करून घेतली होती. विपुलने तोंड उघडलं आणि भिंतीशी बसलेली सीताबाई त्याला दिसली. महादूची बायको. ती या मंडळीतली नव्हती. विपुल त्या दिवसाविषयी बोलणार असं कुणाकडून तरी कळलं, म्हणून वज्रेश्वरीहून एसटीने आली होती.

"प्रभूने माझा जीव..."

त्याने गळ्याचं बटण काढलं.

"बोल ना, बाळा," आई कुजबुजली.

तेवढ्यात सीताबाईच उभी राहिली.

"मला येवढंच सांग. शेवटाला तो काय बोलला? कुनी काय सांगत न्हाय."

पाळक पुढे सरकले. विपुलने हातानेच त्यांना थांबवलं.

"पाण्याची बाटली त्याच्याकडे होती, वहिनी. अंधारात चाचपडत माझ्या हातात द्यायचा. घोटभर पी नि परत दे, म्हणायचा. शेवटी मी परत दिलीच नाही. सगळं पाणी मी प्यायलो. त्याने मागितली, तेव्हा बाटली रिकामी होती."

आईने पदर तोंडाशी धरला. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"मग?"

"'असूदे,' म्हणाला. 'तू बोलत राहा, झोपू नको.' मग मी बोलत राहिलो. तो हुं हुं करायचा. नंतर तेही थांबलं."

सीताबाई हळूच खाली बसली. साडीची निरी तिने उगाच दोनदा सारखी केली.

"तसाच हाय तो," ती म्हणाली. "घरातपन शेवटची भाकर सोता घेत न्हाय."

विपुल जागच्या जागी गुडघ्यांवर आला. पाठ केलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"प्रभू," तो म्हणाला, "महादूबद्दल... तुझे उपकार मानतो."

"आमेन," मंडळी म्हणाली.

सीताबाईला तो शब्द नवा होता. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि, जणू कुणी तिलाच काही विचारलं असावं तशी, जरा उशिराने म्हणाली, "हां."