बाजू बदललेली अट

मी एक जुनी अट आहे. करारातली किंवा पैजेतली नव्हे, मित्रांनो. बस आगाराच्या संगणकात, चालकांना रोजचे काम वाटणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन कंसांच्या मधे कोंडलेली मी एक ओळ आहे. इथून हलायची सोय नाही. कूस बदलायची म्हटली तरी ती दुसऱ्याने बदलावी लागते.

मला एका सावकाश बोलणाऱ्या बाईंनी लिहिले: ८ > विश्रांती. म्हणजे ज्याची विश्रांती आठ तासांहून कमी झाली, त्याचे नाव मी साठवलेल्या माहितीतून उचलायचे आणि त्याला घरी झोपू द्यायचे. बाकीच्यांना गाड्या. हे काम मी वर्षानुवर्षे इमानेइतबारे केले. कौतुक कोण करणार? झोपलेला माणूस काही आभार मानत नाही. तरी मला बरे वाटे.

पुढे बाई वरच्या पदावर गेल्या आणि एक तरतरीत इंजिनिअर आला. त्याच्या गटाचा दंडक होता: आधी रकान्याचे नाव, मग चिन्ह, शेवटी आकडा. दंडक चांगलाच, वाचणाऱ्याला सोपे जाते. मी मात्र उलटी उभी होते. त्याने नाक मुरडले, आठ उचलून उजवीकडे टाकला, विश्रांती डावीकडे आणली. चिन्ह होते तसेच राहिले. विश्रांती > ८!

"तपासून पाहिलंस का?" शेजारच्याने विचारले.

"त्यात काय तपासायचं? नुसतं आवरलंय."

मला ओरडावेसे वाटले. पण जे लिहिले तेच मला करावे लागते. दुसऱ्या सकाळी मी ताज्यातवान्या चालकांना घरी ठेवले आणि दमलेल्यांना गाड्या दिल्या.

नुकताच लांबच्या फेरीवरून उतरलेला एक चालक खिडकीशी आला.

"साहेब, आत्ता तर गाडी लावली. डोळे मिटतायत हो."

नियंत्रकाने पडद्याकडे बोट दाखवले. "कॉम्प्युटर म्हणतोय तुझी झोप झालीय."

"माझी झोप झाली की नाही, ते त्याला विचारता?"

"जा बाबा, वाद नको. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

तो गेला. मी तिथेच अडकून. त्याच्या नावासमोरचा 'पोहोचला' हा रकाना रिकामा होता. पोहोचायची वेळ टळली, तरी रिकामाच. माझा जीव टांगणीला लागला.

मग फोन वाजला. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली होती. "नोकरी गेली तरी चालेल, पण मला उठवू नका," असे कंडक्टरला बजावून तो स्टिअरिंगवर डोके टेकून झोपला होता. प्रवासी बोंबा मारत होते.

चालकाची नोकरी जायचीच वेळ आली. चौकशीला बाईंना बोलावले. त्यांनी मला वाचले, पुन्हा वाचले आणि इंजिनिअरला बोलावून घेतले.

"मी दंडक पाळला," इंजिनिअर पुटपुटला.

"पाळलास रे. पण बाजू बदलल्या की चिन्हही फिरवायचं असतं."

त्यांनी चिन्ह फिरवले: विश्रांती < ८. मग त्या तडक आगाराच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. चालकाची नोकरी वाचली.

आता मी दंडकाप्रमाणे नीटनेटकी दिसते. कंसांतून मात्र मी सुटले नाही. मित्रांनो, मला हलवाल तेव्हा पुरती वाचा, नुसते आवरले तरी चालवून पाहा. कारण उद्या कुणी मला पुन्हा उलटे केले, तर मी पुन्हा दमलेल्यांनाच गाडीवर धाडीन. मला थांबता येत नाही. त्या चालकाला आले. तुम्हालाही येते.