मला दाबायला बटण नाही

हे सगळं तुम्ही केलंत, टेलिफोन खात्याचे साहेब. उंच इमारतीतल्या थंड खोलीत बसून तुम्ही नियम काढलात, की ज्याला जाहिरातीचे फोन नको असतील त्याने नऊ दाबावं, आणि जो दाबणार नाही त्याला ते हवेच आहेत असं समजावं. समजावं! अहो, माझ्या अंगावर नऊ दाबायला काहीच नाही. मला बोट घालून फिरवतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. तुम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मित्रांनो, दचकू नका. तुमच्यावर नाही ओरडलो. मी लाँड्रीतला जुना टेलिफोन. काळा, जड, पोटात दोन पितळी घंटा आणि तोंडावर भोकाभोकांची गोल तबकडी. जुन्या वस्तूंनी हळू, रडक्या आवाजात बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते जमत नाही. बोंब मारणं हा माझा धंदाच आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक बाई फक्त घंटा जुळवायची. इवल्याशा हातोडीने टण् करायची, मान वाकडी करून ऐकायची, आणि आवाज चिरका वाटला की घंटा सरळ परत खोक्यात. माझ्या घंटेवर तिने टण् केलं आणि ती शेजारणीला म्हणाली, "हा बघ, हा मेलेल्यालाही उठवेल." आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेलो नाही.

लाँड्रीत मला आणलं ते इस्त्रीवाल्या दादांच्या वडिलांनी. काउंटरच्या कोपऱ्यात, वाफेच्या आणि गरम सुताच्या वासात माझी जागा ठरली. तेव्हा अख्ख्या गल्लीत मी एकटा. मी वाजलो की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून धावत यायचा. कुणाला मुलगी झाली, कुणाला नोकरी लागली, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, सगळं आधी माझ्या कानातून गेलं. मी वाजणं म्हणजे कुणीतरी आपली आठवण काढली, एवढा साधा अर्थ होता त्याचा. लोक हसतच रिसीव्हर उचलायचे.

मग मोबाईल आले आणि माझी हँगर अडकवायची खुंटी झाली. माझ्या डोक्यावर जोडीदार हरवलेल्या मोज्यांचा ढीग साचला. दादांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, तिने स्वतःसाठी झकास मोबाईल घेतला. आता गंमत ऐका. वहिनी म्हणजे खिसे तपासण्यात उस्ताद. गिऱ्हाइकाच्या खिशातलं तिकीट, लवंग, प्रेमपत्र, काय वाटेल ते तिच्या बोटांना सापडायचं. फक्त स्वतःच्या एप्रनचा खिसा तपासायची तिला सवय नव्हती. मोबाईल एप्रनसकट मशिनमध्ये गेला, धुतला गेला, पिळला गेला आणि स्वच्छ होऊन मेला.

"निदान डाग तरी निघाले," दादा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!" वहिनी म्हणाली आणि माझ्या डोक्यावरचे मोजे तिने एका फटक्यात खाली पाडले. आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो!

पण हसण्यावारी न्यायची वेळ नव्हती. दादांच्या दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांवर पांढरट पडदा चढला होता. हळूहळू त्यांना काहीच दिसेनासं झालं. इस्त्री ते हाताने चाचपून करायचे, कॉलर बोटाने वाचायचे. डोळ्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्या माणसाने मरताना दान केलेलं बुबुळ बसवलं तर दिसेल. "मिळालं की फोन करू. पण काढलेलं बुबुळ फार वेळ टिकत नाही. लगेच हो म्हणायचं. फोन लागला नाही तर पुढच्या माणसाला विचारावं लागेल." वहिनीने नंबर दिला तो माझा. दादांचा डोळा माझ्या तारेतून येणार होता, मित्रांनो! माझी छाती केवढी फुगली असेल!

आणि नेमकं तेव्हाच जाहिरातवाल्या यंत्रांनी मला शोधून काढलं.

सकाळी दुकान उघडायच्या आत पहिली घंटा. "नमस्कार! आपल्याला घर घ्यायचं आहे का? हो असल्यास एक दाबा. असे फोन नको असल्यास नऊ दाबा." मग कर्जवाली. मग विमावाली. मग थंड हवेच्या ठिकाणी सहलीला नेणारी. प्रत्येक वेळी वहिनी ओले हात पुसत धावत यायची, कारण न जाणो, इस्पितळाचा असेल. प्रत्येक वेळी तिचा चेहरा उजळायचा आणि पडायचा. तो चेहरा पाहून मला माझ्याच घंटांची लाज वाटू लागली.

तिने नऊ फिरवून पाहिलं. तबकडी गरगरत परत आली. "क्षमा करा, आपला पर्याय समजला नाही," यंत्र म्हणालं. समजणार कसा? बटणाचा फोन सूर काढतो, मी टकटक करतो. यंत्राला सूर कळतो, टकटक कळत नाही. वहिनी तडक तुमच्या कचेरीत गेली, साहेब. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, तक्रार इथे घेत नाहीत. फोनवर करायची. लावा आणि चार दाबा." वहिनी घरी आली ती वाफेच्या मशिनपेक्षा जास्त तापून.

त्यात भर आईंची. आई म्हणजे दादांची आई, वहिनीची सासू. समोरचं माणूस बोलत असताना फोन ठेवायचा नाही, अशी त्यांची शिस्त. यंत्रातली मुलगी खरी आहे, ही त्यांची पक्की खात्री.

"अगं, जरा श्वास घे," आई तिला सांगायच्या. "सकाळपासून बोलतेयस. पाणी प्यायलीस का?"

"फक्त आजच्या दिवसासाठी विशेष व्याजदर!" ती म्हणायची.

"ते असू दे. आवाज बसलाय तुझा. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर."

दादा इस्त्री करता करता हसून बेजार व्हायचे. कधी ते रिसीव्हर मागून घ्यायचे आणि वाफेच्या मशिनजवळ धरायचे. फुस्स! "घ्या, मॅडम, तुमच्या कर्जालाही इस्त्री केली." डोळे गेलेल्या माणसाच्या घरात इतकं हसू कुठून येतं, हे मला त्या कोपऱ्यात बसून कळलं.

पण वहिनीला हसू येईना. "आई, ती माणूस नाहीये हो! तुम्ही तिच्याशी बोलत बसता आणि लाईन अडते. तेवढ्यात इस्पितळाचा फोन आला तर?"

"पोटासाठी राबते बिचारी, आणि तू तिला माणूस नाही म्हणतेस?"

शेवटी वहिनीने हुकूम काढला. यंत्राचा "नमस्कार" ऐकला की रिसीव्हर आदळायचा. पुढचं एक अक्षर ऐकायचं नाही. आई रुसल्या. म्हणाल्या, "आदळा, आदळा. तो फोन ह्यांनी आणलाय, फुटला तर बघा."

त्या दुपारी दुकानात भोंगा आला होता. भोंगा म्हणजे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. ढोलाशेजारी उभा राहून राहून त्याचे कान निम्मे गेलेले, म्हणून तो मोबाईल कायम मोठ्या आवाजावर ठेवायचा. एक बटण दाबलं तरी तो मोबाईल किंचाळायचा. भोंगा त्याचा सोनेरी गुंड्यांचा लाल कोट न्यायला आला होता आणि दादा त्या कोटावर शेवटची इस्त्री फिरवत होते.

मी वाजलो. आईंनी उचललं.

"नमस्कार," यंत्र म्हणालं.

वहिनीचा हात आलाच. "ठेवा!"

"थांब गं. ही नेहमीची नाही. ही हळू बोलतेय."

"आई, सगळ्या सारख्याच! द्या इकडे!"

"अगं, त्याचं नाव घेतलं तिने! पूर्ण! ह्यांच्या नावासकट!"

आईंनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि सगळ्यांनी ऐकलं. "आपल्यासाठी बुबुळ उपलब्ध झाले आहे. आज संध्याकाळपर्यंत येणार असल्यास एक दाबा. उत्तर न आल्यास पुढील रुग्णाशी संपर्क साधला जाईल."

इस्पितळानेही यंत्र ठेवलं होतं, मित्रांनो. तेही बटणवालं.

"येतो! येतो!" आई ओरडल्या. "बाई, आत्ता निघतो म्हणून सांग!"

"क्षमा करा, आपला पर्याय समजला नाही."

वहिनीने एकात बोट घातलं आणि फिरवलं. टक्. "क्षमा करा, आपला पर्याय समजला नाही. ही शेवटची संधी आहे."

"ठेव आणि इस्पितळाला उलट लाव," दादा म्हणाले.

"ठेवलं तर गेलं! उत्तर नाही असं धरतील आणि पुढच्याला देतील!" वहिनी रडायच्या बेतात होती. तिने मला दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. मला असं कुणी कधी धरलं नव्हतं. आणि मी निव्वळ ठोकळा! आत यंत्र वाट पाहतंय, बाहेर ही माणसं, आणि मला साधा एक दाबता येत नाही!

"एकच दाबायचाय ना? मग मी दाबतो की!" भोंगा खिशातून मोबाईल काढत म्हणाला.

"अरे गाढवा, तुझ्या मोबाईलवर दाबून काय उपयोग?" वहिनी ओरडली. "शेजारच्याने घास गिळला म्हणून आपलं पोट भरतं का?"

पण भोंग्याला ते ऐकूच आलं नव्हतं. तो काउंटरवर आडवा झाला, मोबाईल रिसीव्हरच्या तोंडाशी नेला आणि अंगठ्याने एक दाबला.

पींऽऽ!

तो सूर माझ्या तोंडात शिरला. मी तो उचलला आणि जिवाच्या आकांताने तारेतून पळवला. त्यात काही नवं नव्हतं. आवाज इकडून तिकडे पोचवणं हेच तर मी आयुष्यभर केलं!

"धन्यवाद. आपला होकार नोंदवण्यात आला आहे."

मग आई म्हणाल्या, "बघ, शेवटी समजलं पोरीला," आणि सगळं दुकान फुटलं. वहिनी भोंग्याच्या पाठीत धपाधप बुक्के मारत रडत होती. भोंगा विचारत होता, "काय झालं? लागलं का?" दादा एका जागी उभे राहून नुसते हसत होते, आणि मग नाक वर करून म्हणाले, "काहीतरी जळतंय."

गडबडीत इस्त्री लाल कोटावरच राहिली होती. पाठीवर काळाभोर त्रिकोण.

"गेला माझा कोट!" भोंगा किंचाळला.

"सोन्याचा शिवून देईन रे तुला!" वहिनी म्हणाली. भोंगा अजून तोच कोट घालतो. फक्त लोकांकडे पाठ करत नाही.

दादांचं बुबुळ बसलं. पट्टी निघाल्यावर ते दुकानात आले तेव्हा दारातच थांबले. भिंतींकडे पाहून म्हणाले, "हा पोपटी रंग कुणी निवडला?"

"तुमच्या बहिणीने. मला काही बोलू नका," वहिनी म्हणाली.

मग त्यांनी आईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आई, तू एवढीशी कधी झालीस गं?"

"तू बघत नव्हतास तेव्हा," आई म्हणाल्या आणि दादांच्या शर्टाची कॉलर उगाचच नीट करत राहिल्या.

मित्रांनो, इथे मी थांबलो असतो आणि तुम्हाला सांगितलं असतं, की जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, आणि फोन वाजला तर पलीकडे माणूस असेल या आशेने उचलत जा. तेही सांगतोच. पण पट्टी काढताना इस्पितळातली सिस्टर वहिनीला सहज बोलून गेली, "नशीब तुमचं! सकाळपासून लावत होतो, सारखी लाईन एंगेज. एकदाच आणखी लावून पाहायचं ठरलं होतं." त्या सकाळी माझ्यावर कोण होतं? घरवाली, विमावाली आणि सहलवाली.

तर साहेब, आता तुम्ही ऐका. जाहिरातीच्या यंत्रापुढे माणूस गप्प बसला की तुम्ही 'हो' लिहिता, आणि इस्पितळाच्या यंत्रापुढे गप्प बसला की 'नाही' लिहितात. गप्प तोच माणूस, फोन तोच. मग ज्यांच्या काउंटरवर त्या दुपारी कुणी भोंगा उभा नव्हता, त्यांचं काय झालं? त्यांच्या लाईनी कुणी अडवल्या, आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरच्यांना कोण जाब देणार? सांगा. मी लाईन धरून ठेवलीय. आणि उत्तर माणसाच्या तोंडून द्या, रेकॉर्ड लावू नका.