डावा खांदा

खडूचं टोक फळ्यावर मोडलं, आणि स्योमितीला आपल्या बोटांना मलमाचा वास आला. सकाळी दोनदा हात धुतले तरी गेला नव्हता. नवऱ्याच्या, मुसेंबीच्या, छातीवर गाडीच्या सीटपट्ट्याचा जांभळा वळ, खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका... त्यावर फुंकर घालत तिने मलम चोळलं होतं, नाचणीची पेज चमच्याने भरवली होती, आणि तो म्हणाला होता, "तुझ्या गणितानेच वाचवलं बघ मला." कितुईहून एकटाच येत होता म्हणे, गाढव आडवं आलं, गाडी बांधावर आदळली. एवढी वर्षं पट्टा लाव, पट्टा लाव म्हणून घसा कोरडा केला त्याचं चीज झालं असं वाटून ती हुरळली होती, वेडी.

म्हणून तर आज माचाकोसच्या या मुलींना हाच धडा. वस्तुमान बहात्तर किलो, वेग सेकंदाला पंधरा मीटर, थांबायला अंतर अर्धा मीटर. मॅडम, हे बहात्तर किलो कोण, असं मागून कुणीतरी विचारलं, वर्ग खिदळला, तीही हसली. सोळा हजार दोनशे न्यूटन. दीड टनाहून जास्त भार—आपल्या माणसाच्या छातीवर! तिने स्टीअरिंगमागे माणूस काढला, त्याच्यावर पट्टा काढला—

"मॅडम, पट्टा उलटा काढलाय," कावाता म्हणाली. तिचा बाप भाड्याची व्हॅन चालवतो. "ड्रायव्हरचा उजव्या खांद्यावरून येतो. हा तर शेजारी बसलेला माणूस आहे."

उलटा कसा असेल? सकाळी जसा दिसला तसाच तर... समोरून बघताना डावं-उजवं फसतं, तसं झालं असेल. पण नाही. मलम लावताना त्याचं घड्याळ तिच्या कोपराला टोचत होतं. घड्याळाच्याच बाजूचा खांदा. डावा.

मग गाडी कोण चालवत होतं? स्टीअरिंगला कुणाला बोट लावू न देणारा हा माणूस! मला शिकव म्हटलं की, "तुझे ब्रेक कागदावरच लागतात, बाई," म्हणून चारचौघांत हसायचा. आणि कुणासाठी तरी उठला, शेजारी जाऊन बसला, निवांत, पट्टा लावून... माझ्या शिकवणीचा पट्टा! दुसरी कुणी असण्यापेक्षा ते उठून जागा देणंच तिला जास्त झोंबलं. मेला.

"मॅडम, मग उत्तर बदलेल?"

"नाही," ती म्हणाली. "बल तेवढंच."

तिने पट्टा तसाच ठेवला. स्टीअरिंग पुसून पलीकडे काढलं, त्यामागे दुसरी आकृती काढली. वस्तुमान? साठ धरावं... नको, पंचावन्न, बारीकच असणार. आणि पट्टा? हात थबकला. पट्टा नसला तर अर्ध्या मीटरचं अंतर पाच सेंटिमीटरवर येतं, बल दहापट... जवळजवळ सव्वा लाख न्यूटन. मुली वह्यांत उतरवून घेत होत्या. तिने आकडा पुन्हा ताडून पाहिला, बरोबर होता. आणि तो पाहून आपल्याला बरं वाटतंय हे कळलं तेव्हा, त्या भरल्या वर्गात, तिला स्वतःचीच भीती वाटली.