शहर आलं की बंद पडणारं कार्ड

माझ्या मुलीचा, सुप्रीताचा मेसेज आला तेव्हा मी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडून आत टॉर्च मारत बसलो होतो. चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचला.

"अण्णा, ऐकायचं नसेल तर तसं सांगा. मी त्या दिवसाचं काढलं की दर वेळी मशीन बंद करून निघून जाता. पुढच्या शनिवारी गेमवर एकदाच येते. परत तसंच झालं तर पुन्हा येणार नाही."

अय्यो! मी कशाला बंद करू? मशीन आपणहून बंद पडत होतं! पण हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, सहासष्ट वर्षांचा म्हातारा गेम खेळतो म्हणजे याचं डोकं फिरलंय.

मी हयवदन. होसकोटेच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं विजेच्या मोटारींच्या चाचण्या घेतल्या. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. पुण्याची माणसं आमची मराठी ऐकून गालात हसतात. हसेनात का बापडी. त्यांच्यातलाच एक माझा जावई आहे, ध्रुव. तो आणि सुप्रीता सर्जापूर रोडला राहतात, मी बसवनगुडीत. एकाच गावात दोन घरं, पण मधला ट्रॅफिक असा की अमेरिकेतली मुलं जास्त वेळा भेटत असतील.

पण ट्रॅफिक हे निमित्त. खरं कारण मी आहे. माझी बायको श्यामला गेली, तिच्या वर्षश्राद्धाला फेब्रुवारीत सुप्रीता दोन तास उशिरा आली. पिंडदान झालं होतं, आचार्य जेवून हात धूत होते. मी दारातच सगळ्यांदेखत ओरडलो, "आता कशाला आलीस? झालं तुझ्या आईचं सगळं!" ती चप्पल न काढता तशीच मागे फिरली. माझा राग दुधासारखा आहे. गॅस बंद करेपर्यंत ते ओट्यावर सांडलेलं असतं. त्यानंतर तिने या घरात पाऊल टाकलं नाही, आणि मीही 'ये' म्हटलं नाही.

ध्रुवने यातून वाट काढली. ट्रक चालवायचा एक गेम त्याने माझ्या मशीनवर टाकून दिला. दर शनिवारी सकाळी दहाला मी इथून आणि सुप्रीता तिथून, दोघांचे ट्रक एकामागोमाग निघायचे. कानाला हेडफोन. समोरासमोर बसलं की आम्हा दोघांच्याही जिभेला कुलूप, पण शेजारून ट्रक चालला असेल तर सगळं बोलता यायचं. ऑफिसातली कटकट, कामवालीच्या सुट्ट्या, माझं बीपी. फक्त तो दिवस सोडून सगळं.

दसऱ्याच्या आधी माझं मशीन अडखळायला लागलं, म्हणून नवीन ग्राफिक्स कार्ड आणलं. पडद्यावरचं चित्र काढायचं काम हे कार्ड करतं. आयुधपूजा, म्हणजे तुमची खंडेनवमी, दोन दिवसांवर होती. आमच्या कारखान्यात नवीन मोटार पूजेशिवाय कधी चालू केली नाही, मग इथे कशी करेन? त्या दिवशी पाट मांडला, कार्ड ठेवलं, हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं आणि स्वतःच बसवलं. चित्र काय सुंदर दिसत होतं! ट्रकच्या काचेवरची धूळसुद्धा दिसायची.

सणाला सुप्रीता आली नाही. पण पुढच्या शनिवारी गेममधल्या शहराजवळ पोचताना एकदम म्हणाली, "अण्णा, त्या श्राद्धाच्या दिवशी ना..." आणि पडदा काळा. मशीन गप्प. परत चालू करेपर्यंत ती निघून गेली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारीही तेच. मग तो मेसेज.

मी लगेच लिहिलं, "मशीन बिघडलंय गं."

तिचं उत्तर आलं, "बरोबर त्याच वेळेला?"

आधी पारा चढला. मग मी खुर्चीत टेकलो आणि विचार करत बसलो, कारण पोरीचा प्रश्न बरोबर होता. एकतीस वर्षं आम्ही हेच विचारत होतो. मोटार बंद का पडली ते नंतर, आधी ती नेमकी कधी बंद पडते? तीनदा तेच वाक्य आणि तीनदा काळा पडदा. एवढा योगायोग मी कारखान्यात कुणाचा ऐकून घेतला नसता. मला कुतूहलाने झोप लागेना.

सोमवारी ध्रुवला फोन केला.

"अण्णा, आधी कार्डाचं सॉफ्टवेअर पूर्ण पुसून परत टाका. नाइंटी पर्सेंट केसेसमध्ये तेच असतं."

"सरी, बरं, ते करतो. पण मला एक सांगा जावईबापू, तिला खरंच वाटतं मी बंद करतो?"

"हो."

"आणि तुम्हाला?"

तो जरा घुटमळला. "मी आपलं... फिफ्टी-फिफ्टी."

काय माणूस आहे! मी फोन ठेवला आणि वही काढली. आमच्या खात्यात नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला मी चहासुद्धा देत नसे. सॉफ्टवेअर पुसून परत टाकलं. एकट्याने ट्रक काढला. वीस मिनिटांनी शहर आलं, पडदा काळा. लिहिलं. प्लग दुसऱ्या खोलीतल्या बोर्डाला लावला. शहर आलं, काळा. लिहिलं. एस. पी. रोडच्या ज्या दुकानातून कार्ड आणलं तिथे डब्यातून काढून घेऊन गेलो. त्याने आपल्या मशीनला लावून तासभर चालवलं आणि म्हणाला, "सार, कार्ड फर्स्ट क्लास. तुमच्या घरी काहीतरी आहे." आमच्या घरी काहीतरी आहे हे मला त्याने सांगायला नको होतं.

परत आणून बसवलं आणि मंगळवारी संध्याकाळी मुद्दाम उलटं केलं. शहराकडे गेलोच नाही. मोकळ्या हायवेवर ट्रक सोडला आणि तासभर नुसता चालवत राहिलो. दोन्हीकडे माळ, वर आभाळ. एकदाही बंद पडलं नाही. मग ट्रक शहरात घातला, आणि तिसऱ्या सिग्नलला काळा पडदा!

मी खुर्चीतून उठून टाळीच वाजवली. वीस मिनिटांचा काही संबंध नव्हता. शहर आलं की पडत होतं. शहरात इमारती, माणसं, गाड्या, दिवे, सगळं एकदम काढायचं म्हणजे कार्डावर भार येतो. मोकळ्या रस्त्यावर ते निवांत असतं. आणि सुप्रीताचंही तसंच होतं. शहर आलं म्हणजे ट्रक पोचणार, खेळ संपणार, आता नाही बोललं तर आठवडाभर राहिलं. म्हणून ती नेमकी तिथे तोंड उघडायची. तिलाही शहरच बोलतं करत होतं आणि कार्डालाही शहरच मारत होतं. यात कुणाचं खोटं नव्हतं, पण हे तिला पटवायचं कसं?

बुधवारी तापमान बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसतो. सहासष्ट, सदुसष्ट. अगदी गार. चित्राची प्रत कमी केली, तर शहरातही चाललं. तसंच ठेवून शनिवार ढकलता आला असता, पण माझं समाधान होईना. भार वाढला की मरतं, तापत मात्र नाही. म्हणजे ताकद कमी पडते. गुरुवारी जुना मीटर काढला, कपाटातल्या सेलने जिवंत केला आणि वीज देणाऱ्या डब्याची एक रिकामी तार तपासली. शहरात ट्रक घातला तरी आकडा बारा व्होल्टवरून हलला नाही. वीज निघतेय पुरेशी, मग पोचत का नाही? मधल्या मधे कोण खातंय?

मधे एकच गोष्ट होती. कार्डाला वीज देणारा आठ भोकांचा प्लग. पडदा काळा झाल्यावर मशीनचा स्विच बंद केला आणि त्या प्लगला बोट लावलं. चटका बसला.

आमच्या भाषेत याला लूज कॉन्टॅक्ट म्हणतात. कारखान्यात पोरं शिकायला यायची त्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो, आधी जोड बघा. आणि मी चार दिवस सगळं जग तपासून शेवटी जोडाकडे आलो होतो! प्लग गार झाल्यावर उपसून काढला. कार्डावर जिथे तो बसतो तिथे टॉर्च मारली. एका भोकाच्या तळाशी काहीतरी पिवळं दिसलं. चिमट्याने अलगद ओढून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. हळदीचा. एक टोक जरासं करपलेलं.

माझीच अक्षता! पाटावर कार्ड आडवं होतं, प्लगची जागा वर तोंड करून. पडली असेल आत, आणि मी वरवर पुसून मोकळा. मला आठवलं, बसवताना प्लग टक करून लागला नव्हता. मी म्हटलं होतं, नवीन आहे, स्वल्प घट्ट असेल. दुकानदाराने आपली तार लावली ती त्याने जोर देऊन चेपली असेल, आणि घरी मी परत हलक्या हाताने लावली. मी हसत सुटलो. एकट्याच्या घरात इतकं मोठ्याने हसलो की खालच्या मजल्यावरच्या कृष्णमूर्तींनी बेल वाजवून चौकशी केली.

दाणा काढला, प्लग लावला. टक! शहरात दोन तास ट्रक फिरवला. मशीन मस्त चालत राहिलं.

शनिवारी दहाला सुप्रीता हेडफोनवर आली. "हं, अण्णा," एवढंच. ट्रक निघाले. मी बीपीचं सांगितलं, तिने पावसाचं. शहर जवळ आलं तशी ती गप्प झाली. पूल गेला, पहिला सिग्नल गेला, तिसरा गेला. पडदा लख्ख.

"बघितलंस?" मी ओरडलोच. "चालतंय!" आणि मग मला राहवेना. दाणा, मीटर, हायवेवरचा तास, एस. पी. रोड, वहीतली पानं, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. शहर आलं की तू बोलतेस आणि शहर आलं की कार्ड मरतं, हेही सांगितलं. मला वाटलं ती हसेल. श्यामला असती तर पोट धरून हसली असती.

सुप्रीता हसली नाही. म्हणाली, "मशीन बंद पडलं, पटलं मला. पण अण्णा, तुमचा फोन तर चालू होता ना?"

तीन शनिवार पोरगी वाक्य अर्धं ठेवून गेली होती. तिन्ही वेळा मी स्क्रूड्रायव्हर उचलला. हे का बंद पडलं असेल, याचं मला केवढं कुतूहल! ती काय सांगत होती, हे विचारायला एक फोन केला नाही. मला स्वतःची लाज वाटली. इतकी की कान गरम झाले.

"चुकलं माझं, सुप्री," मी म्हणालो. हे शब्द मी तिला कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. "फोनचंही चुकलं आणि त्या दिवशी दारात बोललो तेही. आता सांग. मी ऐकतोय."

तिने ट्रक कडेला घेतला. मीही मागे नेऊन उभा केला.

"त्या दिवशी मी उशिरा आलेच नव्हते," ती म्हणाली. "साडेनऊला पोचले होते. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या गाडीपलीकडे कार लावून बसले. आई नसलेल्या घरात शिरायला पाय उचलेना. आता जाऊ, मग जाऊ, असं करत दोन तास गेले."

मला तो कोपरा दिसत होता. फाटकातून वीस पावलंही नाहीत.

"मी तुझी वाट बघत होतो गं. चार वेळा बाहेर येऊन उभा राहिलो. मेन रोडकडेच बघत होतो."

"पाच वेळा," सुप्रीता म्हणाली. "मी बघत होते तुम्हाला. पाचव्या वेळी तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत. म्हणून तर मी कारमधून उतरले, अण्णा."

मी म्हणालो, "घरीच थांब. मी निघालो," आणि पायात चपला सरकवल्या. सर्जापूर रोडला पोचायला पावणेदोन तास लागले. बेल वाजवायच्या आधीच तिने दार उघडलं.