आत्या झोपते कशी

आत्याची पाठ इतकी वाकलेली, की गेली कित्येक वर्षं ती आरामखुर्चीतच झोपायची. आडवी झाली की धाप लागे. हृदय अधू, आणि चालू किडनी एकच. नेमका तिच्यातच खडा अडकला. तो काढला नाही तर ती किडनीही जाणार, हे उघड होतं. तरी दोन रुग्णालयांनी हात वर केले. उताणी झोपवली तर टेबलावरच काही होईल, एवढंच दोघांचं म्हणणं. जणू आत्याने पाठ मुद्दाम वाकवून घेतली होती!

तिला सांभाळणारी भाची तिला घेऊन तिसऱ्या रुग्णालयात गेली ती मनातून खचूनच. तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवले आणि आत्यालाच विचारलं, "तुम्ही झोपता कशा?"

"बसून," आत्या म्हणाली. "आणि घोरते. हिला विचारा."

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. भाचीचे डोळे भरून आले.

बाईंनी घाई केली नाही. आधी लघवीतला जंतुसंसर्ग औषधांनी आटोक्यात आणला. रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं. मग ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आत्याला नुसतीच टेबलावर नेली. डोक्याकडचा भाग उचलला, पाठीमागे उशा लावल्या, मानेखाली गुंडाळलेली चादर. इकडची उशी तिकडे, तिकडची इकडे. आत्या दर वेळी नाक मुरडायची. मग एकदम गप्प झाली. भाची घाबरून पुढे धावली, आणि तेवढ्यात घोरणं ऐकू आलं.

"हीच जागा," बाई म्हणाल्या, आणि उशांचा फोटो काढून घेतला.

सर्जन कुरकुरले. रुग्ण असा अर्धवट बसलेला, म्हणजे दुर्बीण घालायला त्यांनाच अवघडून उभं राहावं लागणार. बाईंनी शांतपणे सांगितलं, "त्यांना सरळ करता येणार नाही. वाकायचं तर आपण वाकू."

ऑपरेशनच्या दिवशी भाची दाराबाहेर जीव मुठीत धरून बसली. आत आत्या पूर्ण जागी होती, फक्त कमरेखालचं अंग बधिर. कुठे कापायचं नव्हतं. लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घालून लेझरने खड्याचा भुगा करायचा होता. ठरलेली वेळ संपली की थांबायचं, उरलेलं नंतर, असं आधीच ठरलं होतं.

दार उघडलं. सर्जन कमरेवर हात ठेवून, पार वाकून बाहेर आले. भाची त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"सगळा निघाला," ते म्हणाले. "वेळेच्या आत. किडनी ठणठणीत."

भाची हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. मागून आत्याचं स्ट्रेचर आलं. उशांना टेकून बसलेल्या आत्याने सर्जनना खालीवर न्याहाळलं.

"पाठ धरली वाटतं, डॉक्टर. आमची आरामखुर्ची फार छान आहे," ती म्हणाली. "पण देणार नाही. मला घरी जाऊन झोपायचंय तिच्यात."