छतावरचा ऊस

विश्वस्तहो, तुम्ही खोटं बोलता. तेही पितळी पाटीवर कोरून.

इंग्लंडात बेसिंगस्टोकजवळची तुमची ती हवेली जमैकातल्या मळेवाल्याने बांधली. दिवाणखान्याच्या छतावर प्लास्टरची नक्षी आहे, तिच्याखाली तुमची पाटी: 'तळ्याकाठचे बोरू, १७६८.' बिनपगारी गाइड म्हणून दोन वर्षं दर रविवारी मी हेच पोपटासारखं म्हटलं. एक्क्याण्णवच्या मेमध्ये छत धुतलं, काजळी गेली आणि मला दिसलं.

अहो, मी सांगलीकडच्या वाळव्याची, उसात वाढलेली! बोरूला अशी पेरं असतात? पेरापेरावर डोळा?

तुमच्या मॅनेजरबाईंना सांगितलं. "उल्का डिअर," त्या म्हणाल्या, "ते आर्टिस्टिक बोरू आहेत." आणि मळ्याचा नकाशा, ज्यावर गुलामांच्या झोपड्या मुंगीएवढ्या काढल्यात, तो टॉयलेटच्या बोळात का, हेही विचारलं. "तिथे उजेड कमी असतो, डिअर. जुन्या कागदाला बरं."

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "लेस्टरच्या देशी बाजारात चला. ऊस आणायचाय."

"अगं, डायबेटिस आहे मला!"

"तुम्हाला कोण देतंय?"

पुढच्या रविवारी दिवाणखान्यातल्या छत्र्यांच्या कुंडीत मी तीन ऊस उभे केले. शेजारी तुमच्याच तळ्यातला एक ओला बोरू. पाटी शब्दशः वाचली. लोक वर बघायचे, कुंडीत बघायचे, पुन्हा वर.

स्लाऊच्या चर्चमधून कोच भरून मंडळी आली होती. त्यांतल्या एक जमैकन आजीबाई पुढे झाल्या. त्यांनी ऊस उचलला, दातांनी सोलला, चावला. "माझ्या आजाच्या आजाने हेच तोडलं, फटके खात," त्या म्हणाल्या. मग पाटीकडे बघून, "फार गोड आहेत हो तुमचे बोरू!"

सगळा दिवाणखाना हसला. मग सगळ्यांनाच चव बघायची होती.

मंगळवारी तुमचं पत्र आलं. गाइडचा बिल्ला परत करा, पुन्हा येऊ नका. कारण: 'ऐतिहासिक गालिच्यावर उसाची चिपाडं.'

उसाची! तुमच्याच लेटरहेडवर, तुमच्याच सहीने.

बिल्ला मी दिलेला नाही, देणारही नाही. दोन वर्षं माझ्या तोंडून खोटं वदवलंत, आता त्याच छताखाली, तोच बिल्ला लावून मला खरं सांगायचंय. इंग्रजीत तीनदा विचारलं, तुम्ही गप्प. म्हणून आता मराठीत, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात, चारचौघांसमोर विचारते: गालिच्यावर पडला की ऊस, आणि छतावर असला की बोरू? हे कसं?

उत्तर द्या. लेखी द्या.