इंदुबाईची हॉल्टची पाटी

मित्रांनो, डोंगरीच्या वळणावर थोडी तिरकी उभी असलेली जुनी सागवानी पाटी म्हणजे मीच. महायुद्धाच्या दिवसांत एका सुताराने मला रंधून गुळगुळीत केलं, पांढरा रंग दिला आणि वर काळ्या रंगात एकच इंग्रजी शब्द लिहिला: 'हॉल्ट'. समुद्रावर नजर ठेवणाऱ्या शिपायांनी मला रस्त्यात रोवलं. मला पाहून लष्कराच्या गाड्या थांबत. मला केवढा अभिमान वाटे!

युद्ध संपलं, शिपाई गेले आणि मी झुडपांत पडून राहिले. चौक गावच्या इंदुबाई कोळणीने मला घरी नेलं आणि ती माझ्या पाठीवर मासे कापू लागली. एवढी मानाची मी, आणि अंगाला बोंबलांचा वास! मी मनातल्या मनात रडत असे.

एकदा सेलेस्टिन मास्तर मासळी घ्यायला आले. मला उलटून पाहताच ते हसले. "इंदुबाय, तू हॉल्टवर सुरमई कापतेस!"

"म्हंजे काय वो?"

"हॉल्ट म्हणजे थांब. पण कायमचं न्हाय. वाटेत घडीभर थांबायचं, मग पुढं जायचं."

"थांब," इंदुबाई पुटपुटली. त्या दिवसापासून ती मला धुऊन भिंतीशी उभी करू लागली.

पुढे शेजारच्या इनेझला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा व्हिन्सेंट समुद्रात होता. सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय. भायंदरच्या दवाखान्यात न्या." बैलगाडीने तिथवर पोचायला फार उशीर झाला असता, आणि भायंदरला जाणारी उतारूंची मोटार भरलेली असली की वळणावर कुणासाठी थांबत नसे. बायकांनी इनेझला बैलगाडीत घालून वळणापर्यंत आणलं. इंदुबाईने मला काखोटीला मारलं होतं.

मोटार भरधाव आली. इंदुबाई मला छातीशी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ती जागची हलली नाही. करकचून ब्रेक लागला.

"मावशी, मरायचंय का?" ड्रायव्हर गोवर्धन ओरडला.

"वाच!"

"हॉल्ट... ही तर लष्कराची पाटी. लष्कर कुठाय?"

"लष्कर मीच हाय. बाई अडलीय. घडीभर थांब, मग जा."

गोवर्धन खाली उतरला. दोन उतारूंनी आपली जागा दिली आणि ते पायी निघाले.

दुसऱ्या दिवशी मोटार वळणावर आपणहून थांबली. गोवर्धन हाक मारून म्हणाला, "पोरगी झाली! मायलेकी बऱ्या हायेत."

मग इंदुबाईने मला काथ्याने घासून काढलं, मास्तरांनी अक्षरं गिरवली आणि मला इथे रोवलं. आता कोळणी माझ्याजवळ टोपल्या उतरवतात आणि मोटार त्यांच्यासाठी थांबते. शिपायांनी मला हुकूम करायला शिकवलं होतं. त्या शब्दाचा खरा उपयोग मला इंदुबाईने शिकवला.

मित्रांनो, माझ्यावर खडे मारू नका. पावसाने माझी अक्षरं पुसट होत चालली आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी थोडा काळा रंग घेऊन या. एखादी बाई डोक्यावर ओझं घेऊन चढ चढत येत असेल, आणि मोटारीवर त्या दिवशी ड्रायव्हर नवा असेल.